करारावर खासदाराची सही का नसते?

१. कांद्याचा परदेश

खासदाराकडे लोक काय मागतात? रेल्वेचा थांबा, अडलेल्या पुलाचं काम, एखाद्या रुग्णासाठी पंतप्रधान मदतनिधीला पत्र. चीनबद्दल आपलं धोरण काय असावं, हे त्याला मतदारसंघात फारसं कोणी विचारत नाही. परराष्ट्र धोरण पंतप्रधान ठरवतात, परराष्ट्रमंत्री सांगतात आणि राजदूत राबवतात, असा आपला समज असतो. मग उरलेले पावणेआठशे खासदार त्यात करतात तरी काय?

उत्तर शोधायला नाशिक जिल्ह्यात जाऊ. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. देशातले भाव आवरावेत, हा हेतू. बंदी आधी ३१ मार्चपर्यंत होती, नंतर ती वाढवली आणि ४ मे २०२४ ला उठवली. तेव्हाही ४० टक्के निर्यात शुल्क आणि किमान निर्यात मूल्य या दोन अटी राहिल्याच. मधल्या काळात सरकारने बांगलादेशला ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन कांदा पाठवायला खास परवानगी दिली. म्हणजे लासलगावच्या बाजार समितीतला कांदा मित्रदेशांना राजी ठेवण्याचं साधनही झाला. लोकसभा निवडणुकीत दिंडोरीतून केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार हरल्या. कांदा हे त्याचं एकमेव कारण नव्हतं, पण कांद्याशिवाय त्या निकालाचं विश्लेषण कोणी केलं नाही. सप्टेंबरमध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, किमान मूल्य गेलं आणि शुल्क निम्म्यावर आलं.

ही बंदी संसदेने घातली नव्हती. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या एका अधिसूचनेने ती आली. पण अशी अधिसूचना काढण्याचा अधिकार सरकारला कुठून मिळाला? १९९२ च्या विदेश व्यापार कायद्यातून. तो कायदा संसदेने केला. खासदारांनी तीस वर्षांपूर्वी एक कोरा धनादेश लिहून दिला आणि सरकार तो गरजेप्रमाणे वटवतं. परराष्ट्र धोरणातली खासदाराची भूमिका समजून घ्यायची तर त्याने काय केलं हे बघावं लागतं, आणि त्याने काय देऊन टाकलं हेही.

२. सही कोणाची?

आधी घटना काय सांगते ते पाहू. सातव्या परिशिष्टातल्या केंद्रसूचीत दहावी नोंद परराष्ट्र व्यवहारांची आहे आणि चौदावी नोंद परदेशांशी करार करण्याची व ते अमलात आणण्याची. म्हणजे या विषयांवर कायदा करण्याचा अधिकार संसदेचा. कलम ७३ म्हणतं की ज्या विषयांवर संसद कायदा करू शकते, त्या विषयांवर केंद्र सरकारला कारभार करता येतो. दोन्ही एकत्र वाचली की गंमत कळते. करार कसे करावेत याचा कायदा संसदेने केला असता, तर सरकारला त्याच चाकोरीतून जावं लागलं असतं. पण संसदेने असा कायदा आजवर केलेलाच नाही. न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालच्या घटना पुनर्विलोकन आयोगाने २००२ मध्ये तशी शिफारस केली होती. ती कागदावर राहिली.

त्यामुळे भारतात करारावर सही सरकार करतं आणि त्याला अंतिम मान्यता मंत्रिमंडळ देतं. अमेरिकेत औपचारिक तहाला सिनेटच्या हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांशांची संमती लागते. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्यानुसार तह बैठकीच्या एकवीस दिवसांसाठी संसदेपुढे ठेवावा लागतो. आपल्याकडे असं काहीच नाही.

मग संसद पूर्ण बाहेर आहे का? इथे एकत्र कुटुंबातला कर्ता डोळ्यांपुढे आणा. बैलजोडी घेणं, सोसायटीचं कर्ज काढणं, शेजाऱ्याशी विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवणं, हे तो एकटा करतो. कोणी सह्या मागत नाही. पण वडिलोपार्जित रानातला तुकडा शेजाऱ्याला द्यायचा ठरला, की सातबाऱ्यावरच्या प्रत्येकाची सही लागते. आणि पाण्याची पाळी पहाटे तीनची ठरवून आला असेल, तर पहाटे उठणाऱ्या भावांना राजी केल्याशिवाय ती पाळी पाळली जात नाही.

केंद्र सरकार हा कर्ता. मैत्रीचा, सहकार्याचा, सांस्कृतिक देवाणघेवाणीचा करार ते एकटं करू शकतं. देशाची जमीन द्यायची असेल तर घटनादुरुस्ती लागते. आणि करार पाळण्यासाठी नागरिकांच्या हक्कांत किंवा देशातल्या कायद्यांत बदल करावा लागणार असेल, तर संसदेला कायदा करावा लागतो. त्यासाठी कलम २५३ आहे. आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी संसद राज्यांच्या यादीतल्या विषयावरही कायदा करू शकते, इतकं ते कलम रुंद आहे. पुढची दोन उदाहरणं याच दोन प्रसंगांची आहेत.

३. बेरुबारी: जमीन द्यायची तर

पश्चिम बंगालच्या जलपायगुडी जिल्ह्यात बेरुबारी नावाचा भाग आहे. फाळणीची रेषा आखताना रॅडक्लिफ यांच्या निवाड्याच्या वर्णनात गोंधळ राहिला आणि पाकिस्तानने बेरुबारीवर हक्क सांगितला. सप्टेंबर १९५८ मध्ये नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोझ खान नून यांनी बसून तोडगा काढला: अर्धं बेरुबारी तुमचं, अर्धं आमचं. दोन पंतप्रधानांनी हात मिळवले म्हणजे विषय संपला, असं तेव्हा दिल्लीतल्या अनेकांना वाटलं असणार.

बंगालमध्ये भडका उडाला. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं आणि मार्च १९६० मध्ये न्यायालयाने सांगितलं की भारताचा प्रदेश दुसऱ्या देशाला द्यायचा असेल तर साधा कायदाही पुरणार नाही, घटनाच दुरुस्त करावी लागेल. त्या वर्षी नववी घटनादुरुस्ती झाली. तरीही वाद, खटले आणि स्थानिक विरोध यांमुळे बेरुबारी कधीच दिलं गेलं नाही.

मग कच्छच्या रणाचं काय? १९६५ च्या चकमकींनंतर तो वाद आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेला. फेब्रुवारी १९६८ मध्ये निवाडा आला आणि पाकिस्तानने मागितलेल्या भागापैकी सुमारे दहावा हिस्सा त्याला मिळाला. इथेही घटनादुरुस्ती हवी, असं म्हणत लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने नाही म्हटलं. कच्छची हद्द मुळातच अनिश्चित होती, लवादाने ती मोजून दिली, आणि आपली जमीन देणं वेगळं व बांध कुठे आहे हे ठरवणं वेगळं. कर्त्याला बांध मोजायला एकट्याने जाता येतं. हा फरक कायद्याच्या पुस्तकात सोपा दिसतो, राजकारणात नाही. १९७४ मध्ये श्रीलंकेशी झालेल्या करारात कच्चतीवू हे बेट सीमेपलीकडे गेलं. तेही घटनादुरुस्तीशिवाय. बांध मोजला की जमीन दिली, यावर तमिळनाडूतले खासदार आजही भांडतात.

१९७४ लाच इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी भारत-बांगलादेश सीमेचा करार केला. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकमेकांच्या जमिनीचे शेकडो ठिपके अडकलेले होते. भारताच्या पोटात बांगलादेशची गावं, बांगलादेशच्या पोटात भारताची. तिथल्या माणसांना ना मतदान, ना शाळा, ना वीज. बांगलादेशने त्याच वर्षी घटनादुरुस्ती करून कराराला मान्यता दिली. भारताला एकेचाळीस वर्षं लागली.

खासदार काय करू शकतो आणि काय अडवू शकतो, हे या एकेचाळीस वर्षांइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं. डिसेंबर २०१३ मध्ये मनमोहनसिंग सरकारने विधेयक राज्यसभेत मांडलं, तेव्हा आसाम गण परिषद, तृणमूल काँग्रेस आणि भाजप यांनी कडाडून विरोध केला. आसाम आणि बंगालच्या खासदारांना आपल्या मतदारसंघात ‘जमीन दिली’ हा आरोप पेलवणारा नव्हता. दोन वर्षांनी भाजप सत्तेत होता आणि तेच विधेयक सुषमा स्वराज यांनी मांडलं. आसामपुरता भाग वगळावा, असाही एक प्रयत्न झाला, पण काँग्रेसने तो मानला नाही. ७ मे २०१५ रोजी लोकसभेत ३३१ विरुद्ध शून्य अशा मतांनी शंभरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली. ३१ जुलैच्या मध्यरात्री भारताचे १११ भूभाग बांगलादेशचे झाले आणि बांगलादेशचे ५१ भारताचे.

मतमोजणीत विरोधी मत शून्य दिसलं म्हणजे विरोध नव्हता असं समजू नका. तो चाळीस वर्षं बाहेर झाला होता, आणि शेवटचा खडा निघाला तो सभागृहात नव्हे, पक्षांच्या बैठकांत.

४. करार झाला, कायदा राहिला

खासदाराचा खरा हात दिसतो तो करारावरची शाई वाळल्यानंतर, असं माझं मत आहे. दोन गोष्टी सांगतो. एक औषधांची, एक अणुभट्टीची.

औषधांची गोष्ट अशी. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट मिळत नसे, तो बनवण्याच्या पद्धतीला मिळे. त्यामुळे तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवून स्वस्तात विकता यायचं. भारताचा औषध उद्योग त्यावर उभा राहिला. १९९४ मध्ये भारताने जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर सही केली. त्यात अट होती की १ जानेवारी २००५ पर्यंत औषधांनाही पेटंट द्यावं लागेल. ही सही संसदेच्या मतदानाने झाली नव्हती.

पण कायदा बदलायचा तर संसदेकडे यावंच लागलं. १९९५ मध्ये विधेयक लोकसभेत पार पडलं आणि राज्यसभेत अडलं. अमेरिकेने भारताला जागतिक व्यापार संघटनेत खेचलं, भारत हरला, आणि मग १९९९ मध्ये पहिली दुरुस्ती झाली. शेवटची, सगळ्यांत मोठी दुरुस्ती मार्च २००५ मध्ये आली. तेव्हाचं सरकार डाव्या पक्षांच्या सुमारे साठ खासदारांवर टिकून होतं. डाव्यांनी करार मोडा असं म्हटलं नाही, कारण ते शक्य नव्हतं. त्यांनी कायद्याचा मसुदा मागितला, तज्ज्ञांना बसवलं आणि एकेक कलम घासून घेतलं. त्यातून कायद्यात ३(ड) हे कलम कडक झालं: जुन्याच औषधाचं थोडं बदललेलं रूप आणलं आणि त्याचा गुण वाढलेला नसेल, तर पेटंट नाही.

हे एक वाक्य किती मोलाचं ठरलं ते पाहा. रक्ताच्या एका कर्करोगावर ग्लिव्हेक नावाचं औषध आहे. नोव्हार्टिस या स्विस कंपनीने त्याच्या एका स्फटिकरूपासाठी भारतात पेटंट मागितलं. याच कलमावर ते नाकारलं गेलं आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकार कायम केला. कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता, भारतीय कंपन्यांचं तेच औषध आठ-दहा हजारांत मिळे. परराष्ट्र मंत्रालयाच्या कुठल्याही निवेदनापेक्षा या एका कलमाने आफ्रिकेत आणि लॅटिन अमेरिकेत भारताचं नाव जास्त नेलं. ते लिहिलं गेलं खासदारांच्या आग्रहामुळे.

आता अणुभट्टी. २००५ ते २००८ या काळात भारत आणि अमेरिका यांच्यात नागरी अणुकरार घडला. त्याच करारावर अमेरिकी काँग्रेसमध्ये रीतसर मतदान झालं: प्रतिनिधीगृहात २९८ विरुद्ध ११७ आणि सिनेटमध्ये ८६ विरुद्ध १३. भारतात? करारावर मतदान झालंच नाही. डाव्यांनी पाठिंबा काढला म्हणून २२ जुलै २००८ रोजी सरकारवरच्या विश्वासाचं मतदान झालं, २७५ विरुद्ध २५६. सरकार टिकलं म्हणून करार टिकला. एखाद्या खासदाराला करार हवा होता आणि सरकार नको होतं, किंवा उलट, तर त्याला ते सांगण्याची जागाच नव्हती. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षाचा आदेश मोडून मत दिलं तर खासदारकी जाते. त्या दिवशी काहींनी मोडला आणि किंमत मोजली.

पण पुढचा घास संसदेच्याच ताटातला होता. परदेशी कंपन्या अणुभट्ट्या विकायला येण्याआधी विचारत होत्या, अपघात झाला तर भरपाई कोण देणार? त्यासाठी कायदा हवा होता. सरकारचं विधेयक २०१० मध्ये आलं, त्यात भट्टी चालवणाऱ्याची जबाबदारी ५०० कोटींपर्यंत मर्यादित होती. त्याच वर्षी जूनमध्ये भोपाळ वायुकांडाचा निकाल लागला होता आणि देश संतापलेला होता. संसदीय समिती आणि सभागृह यांच्यातून जाता जाता ५०० चे १,५०० कोटी झाले, आणि सदोष यंत्र पुरवणाऱ्या कंपनीकडूनही भरपाई वसूल करण्याचा मार्ग ठेवला गेला. हे जगातल्या प्रचलित पद्धतीपेक्षा वेगळं होतं.

परिणाम रत्नागिरी जिल्ह्यात दिसला. जैतापूरला फ्रेंच तंत्रज्ञानाच्या, प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या ठरल्या होत्या. स्थानिक विरोध, खर्च, फ्रेंच कंपनीच्याच आर्थिक अडचणी ही कारणं होतीच, पण वाटाघाटीच्या टेबलावर या कायद्यातली पुरवठादाराची जबाबदारी कायम हजर राहिली. पंतप्रधान बदलले, फ्रान्सचे अध्यक्ष बदलले, कलम तिथेच. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनेच नवा अणुऊर्जा कायदा करून २०१० चा कायदा मोडीत काढला. घातलेली गाठ सोडवायलाही संसदेतच यावं लागलं.

५. विचारणं हेही काम

मतदानाचा हक्क नसला तरी प्रश्नाचा आहे. लोकसभेत रोज सकाळी अकराला प्रश्नोत्तरांचा तास सुरू होतो. दिवसाला २० तारांकित प्रश्न असतात, ज्यांना मंत्री उभं राहून उत्तर देतो आणि उपप्रश्न विचारता येतात. २३० अतारांकित असतात, ज्यांचं उत्तर लेखी येतं. मित्रदेशाचा अनादर होईल असा प्रश्न नियमांत बसत नाही, आणि सुरक्षेचं कारण देऊन मंत्री उत्तर टाळू शकतो. तरी या तासाने इतिहास घडवलेला आहे.

ऑगस्ट १९५९. चीनने अक्साई चीनमधून रस्ता बांधल्याचं नेहरूंना संसदेत मान्य करावं लागलं. सरकारला ते आधीपासून माहीत होतं, संसदेला नव्हतं. खासदार इतके खवळले की सप्टेंबरमध्ये नेहरूंनी भारत-चीन पत्रव्यवहाराची श्वेतपत्रिका संसदेपुढे ठेवली, आणि मग अशा श्वेतपत्रिका निघतच राहिल्या. दोन देशांमधली गोपनीय पत्रं अशी खुली करणं तेव्हाही विरळच होतं.

याची दुसरी बाजू लिहायलाच हवी, कारण ती आपल्याकडे फारशी लिहिली जात नाही. पत्रं उघडी झाल्यावर प्रत्येक ओळ देशाच्या अब्रूचा प्रश्न झाली. एप्रिल १९६० मध्ये चौ एन लाय दिल्लीला आले तेव्हा नेहरूंना सरकायला जागा उरली नव्हती, आणि त्या जागेच्या आकुंचनात संसदेचा वाटा मोठा होता. तडजोड शक्य होती की नव्हती, यावर इतिहासकार भांडोत. पण संसद जागी असली की परराष्ट्र धोरण आपोआप शहाणं होतं, असा हिशेब मांडू नये.

ऑक्टोबर १९६२ मध्ये युद्ध पेटलं. तेव्हा राज्यसभेत असलेल्या तरुण अटलबिहारी वाजपेयींनी अधिवेशन लवकर बोलावण्याची मागणी केली आणि नेहरूंनी ते ८ नोव्हेंबरला बोलावलं. युद्ध चालू असताना सरकारच्या चुकांवर उघड चर्चा झाली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना मात्र विरोधकांनी घालवलं नाही. त्यांना घालवलं ते काँग्रेसच्या स्वतःच्या खासदारांनी, पक्षाच्या संसदीय बैठकीत. त्यांच्या जागी मुंबईहून यशवंतराव चव्हाण गेले आणि २१ नोव्हेंबरला, चीनने युद्धविराम केला त्याच दिवशी, त्यांनी शपथ घेतली.

२००३ चं उदाहरण छोटं आहे पण नेमकं. अमेरिकेने इराकवर हल्ला केल्यावर एप्रिलमध्ये लोकसभेने एकमताने निषेधाचा ठराव केला. अध्यक्षपदी मनोहर जोशी होते. त्यानंतर अमेरिकेने इराकमध्ये भारतीय सैन्य मागितलं, आणि सरकारमध्ये पाठवावं असं म्हणणारेही होते. १४ जुलैला सरकारने संयुक्त राष्ट्रांचा आदेश नसल्याचं सांगून नकार दिला. ठराव कायद्याने बांधील नव्हता. तरी पंतप्रधान वाजपेयींना अमेरिकेला नाही म्हणताना तो हाताशी होता.

६. बंद दाराआडची समिती

१९९३ पासून प्रत्येक मंत्रालयावर संसदेची स्थायी समिती असते. परराष्ट्र व्यवहार समितीत ३१ सदस्य: लोकसभेचे २१, राज्यसभेचे १०. वाजपेयी विरोधी पक्षात असताना तिचे अध्यक्ष होते, अलीकडे शशी थरूर. इथे कॅमेरे नसतात आणि पक्षाचा आदेश लागू होत नाही, म्हणून भाषा बदलते. परराष्ट्र सचिवाला बोलावून थेट विचारता येतं. डोकलाममधल्या तणावानंतर २०१८ मध्ये समितीने चीनवर अहवाल दिला, तो सरकारी निवेदनांपेक्षा कितीतरी सविस्तर आहे.

समितीच्या शिफारशी बंधनकारक नसतात. एक शिफारस तर दरवर्षी येते: मंत्रालयाला पैसे वाढवा. २०२५-२६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला २०,५१६ कोटी रुपये होते. देशाचा अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटींचा. शंभर रुपयांतले चाळीस पैसे, आणि त्यातूनच भूतान-नेपाळची मदतही जाते. जागतिक महासत्ता होण्याची भाषणं ऐकताना हा आकडा आठवावा.

७. पक्ष मागे ठेवून परदेशी

फेब्रुवारी १९९४. पाकिस्तानने जिनिव्हात मानवाधिकार आयोगापुढे काश्मीरवर ठराव आणला होता. पंतप्रधान नरसिंह राव यांनी भारताच्या शिष्टमंडळाचं नेतृत्व विरोधी पक्षनेते वाजपेयींना दिलं. सोबत सलमान खुर्शीद आणि फारुख अब्दुल्ला. घरी त्याच महिन्यात, २२ फेब्रुवारीला, दोन्ही सभागृहांनी पाकव्याप्त काश्मीरविषयी एकमताने ठराव केला. जिनिव्हात पाकिस्तानला ठराव मागे घ्यावा लागला.

‘ऑपरेशन सिंदूर’नंतर मे २०२५ मध्ये सरकारने सर्वपक्षीय खासदारांची सात शिष्टमंडळं जगभर पाठवली. सातांपैकी दोहोंचं नेतृत्व महाराष्ट्राकडे होतं. विरोधी बाकांवरच्या सुप्रिया सुळे इजिप्त, कतार, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिकेला गेल्या. सत्ताधारी बाजूचे श्रीकांत शिंदे अमिराती, काँगो, लायबेरिया आणि सिएरा लिओनला. अशा दौऱ्यांत धोरण ठरत नाही. ठरलेलं धोरण सरकारपुरतं नाही, देशाचं आहे, एवढं समोरच्याला दिसतं. परत आल्यावर त्यांना संसदेत विशेष चर्चा मागण्याचा हक्क उरतोच, आणि तो विरोधकांनी वापरलाही.

८. पालघरचा खासदार काय करेल?

आता प्राधान्यक्रमाचा प्रश्न. खासदाराचा वेळ मोजका, विषय हजार. एक उदाहरण करून पाहू.

समजा, तुम्ही पालघरचे खासदार आहात. डहाणू-तलासरी भागातले आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात रेषा दिसत नाही. बोट पलीकडे गेली की पाकिस्तानची सागरी यंत्रणा पकडते आणि माणसं कराचीच्या तुरुंगात जातात. तुमच्या मतदारसंघात परराष्ट्र धोरण म्हणजे हेच. जी-२० वर भाषण केलंत तर बातमी येईल, पण या घरांना त्याचा उपयोग नाही.

खाजगी विधेयक आणाल? शुक्रवारी दुपारी ते मांडता येतं. पण स्वातंत्र्यानंतर आजवर फक्त १४ खाजगी विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं १९७० मध्ये. तो रस्ता सोडा.

प्रश्न विचारा, पण नीट. ‘पाकिस्तानच्या तुरुंगात किती भारतीय मच्छीमार आहेत?’ याचं उत्तर मंत्रालयाकडे तयार असतं, कारण २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. तो आकडा तुमच्या हाती आधीच आहे. त्यापुढचं विचारा: यांपैकी किती जणांची शिक्षा संपली आहे, किती जणांच्या नागरिकत्वाची पडताळणी कोणाकडे अडली आहे, महाराष्ट्रातले किती, आणि निवृत्त न्यायमूर्तींची जी संयुक्त समिती २००७ मध्ये कैद्यांना भेटण्यासाठी नेमली होती ती २०१३ पासून ठप्प का आहे. सूचना पंधरा दिवस आधी द्यावी लागते. एका दिवसाला पाचपेक्षा जास्त प्रश्न तुमच्या नावावर येत नाहीत, म्हणून गुजरातच्या किनाऱ्यावरच्या खासदारांना सोबत घ्या. बोटी त्यांच्या, खलाशी तुमचे. लेखी उत्तर आलं की ते परराष्ट्र व्यवहार समितीतल्या सदस्याकडे द्या, म्हणजे अनुदानाच्या मागण्यांवर सचिव साक्षीला आले की तोच आकडा त्यांच्यापुढे ठेवता येईल. पडताळणी अडते ती अनेकदा इथेच, कागदपत्रांवर. तिथे पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांना केलेला एक फोन इस्लामाबादमधल्या उच्चायुक्तालयाला पाठवलेल्या पत्राआधी करावा लागतो.